अनुभव धागा : ऑपरेशनच्या आधीची कागदपत्रं, नोटरी, साक्षीदार आणि घरातली बोलणी

कोरांटी
काल वहिनीचा फोन आला. तिचं मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. म्हणाली, "कागदावर तुझं नाव घालतेय, तुझ्या दादाचं नाही. माझ्या बाबतीत ठरवायची वेळ आली तर त्याचा धीर सुटेल." तेव्हापासून आईच्या वेळचं सगळं डोक्यात फिरतंय, म्हणून हा धागा.

आईची बायपास २०२३ च्या पावसाळ्यात झाली. आई जन्मभर शाळेत शिकवलेली, तिला तोंडी काही पटत नाही. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला त्याच रात्री तिने वहीत लिहून काढलं. व्हेंटिलेटर लावा, डायलिसिस करा, माझी ना नाही. पण मी पुन्हा माणसांत येणार नाही असं डॉक्टरांचं ठाम मत झालं, तर मशीनवर ओढत ठेवू नका. आणि बोलायचं कोणी, तर धाकटीने. म्हणजे मी.

ओळखीच्या वकीलबाईंनी त्याचं रीतसर वैद्यकीय इच्छापत्र करून दिलं. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने प्रक्रिया सोपी केली होती. २०१८ च्या निकालाप्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. नोटरी वॉर्डात रजिस्टर घेऊन आले, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि आईला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून करताय का? आतून आईचा आवाज आला, "माझ्याकडून जबरदस्तीने काही लिहून घेणारा अजून जन्मायचाय!" अख्ख्या वॉर्डने ऐकलं.

आई आज ठणठणीत आहे, तो कागद उघडायची वेळही आली नाही. माझ्या मनात राहिली ती नोटरी यायच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. दादाला वाईट वाटलं होतं. थोरला असून माझं नाव नाही? आईने आम्हा दोघांना पलंगापाशी बसवून घेतलं आणि सांगितलं, "तू मला सोडणार नाहीस हे मला माहितेय, म्हणूनच तुझ्यावर टाकत नाहीये. सोडायची वेळ आली तर तिला जमेल, आणि तिला सांभाळायला तू लागशील." दादा उठून गॅलरीत गेला. पण पुढे आयसीयूबाहेर बसलो होतो तेव्हा डॉक्टर आले की तोच म्हणायचा, हिच्याशी बोला. ते बोलणं झालं नसतं तर नोटरीच्या शिक्क्याने आमच्या घरात भांडणच लावलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. इथले, परदेशातले, कसलेही.

रानवारा
सलाईनची सुई लावायच्या आधी सह्या उरका!! बाबांना उजव्या हाताला लावली होती. सही इतकी वाकडी आली की नोटरींनी आधारवरच्या सहीशी ताडून बघितली आणि अंगठापण घेतला. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पाणवठा
कोरांटी, आई कुठला विषय शिकवायच्या? त्या एका वाक्यावरून गणित वाटतंय.

कोरांटी
गणितच! आणि भूलतज्ज्ञ तिचे विद्यार्थी निघाले. आई त्यांना अरेतुरे करत होती, ते "हो बाई" म्हणत होते.

पाणवठा
😄 अशा बाईंपुढे भूल द्यायची म्हणजे त्यांचाच हात थरथरला असेल.

निळीशाई
कॅलिफोर्नियातला अनुभव. आई व्हिजिटर व्हिसावर आली होती, अचानक पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. इथे दाखल करतानाच विचारतात, तुमचं अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह, म्हणजे उपचारांबद्दलच्या इच्छा आधीच लिहून ठेवलेला कागद, आहे का. १९९० च्या केंद्रीय कायद्यामुळे हॉस्पिटलना ते विचारावंच लागतं. आईला वाटलं, केस बिकट आहे म्हणून विचारतायत! तिला आधी शांत करावं लागलं, की बाई, दात काढायला आलीस तरी हेच विचारतील इथे.

मग नोटरी बोलावली. पासपोर्ट चालला, सही देवनागरीत तीही चालली. पण घोडं अडलं ते भाषेपाशी. नोटरीला सही करणाऱ्याशी स्वतः बोलता आलं पाहिजे. मी मधे भाषांतर करून चालेना, आणि खरंच आहे ते, मीच कागदावरची माणूस आणि मीच दुभाषी, कसं चालेल? सुदैवाने इथे नोटरीला पर्याय म्हणून दोन साक्षीदार चालतात. मात्र त्यातला निदान एक रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातला नको, वारसाहक्क असलेला नको, आणि हॉस्पिटलचे कर्मचारी तर दोन्हींतही नकोत. म्हणजे समोर पन्नास माणसं फिरतायत आणि साक्षीला एक नाही.

रात्री शेजारचं जोडपं आलं. तो मेक्सिकोचा, ती फिलिपिन्सची. आईची आणि त्यांची एकही भाषा सामायिक नाही, पण अंगणात रोज हातवारे करून गप्पा चालायच्या. हॉस्पिटलच्या दुभाषी बाईने टॅबवरून सगळा फॉर्म मराठीत वाचून दाखवला. मुंबईच्या वळणाची स्वच्छ मराठी, आई तिलाच विचारत बसली माहेर कुठलं. आईने होकार दिला, त्या दोघांनी सह्या केल्या. परत जाताना आईने त्यांना घरी केलेले बेसनाचे लाडू द्यायला लावले, रात्री अकरा वाजता.

घाटमाथा
सहीवरून आठवलं. आमचे आजोबा मोडीत सही करायचे. बँकेत नवीन साहेब आला की प्रत्येक वेळी गोंधळ. शेवटी मॅनेजर बदलला की आजोबाच आधी जाऊन ओळख करून देऊन यायचे. ऑपरेशनशी संबंध नाही, पण आठवलं.

कोरांटी
घाटमाथा, लिहा की अजून, मोडीतली सही बघितलेली माणसं आता कमीच.

निशिगंध
वकिली करते म्हणून थोडं स्पष्ट लिहिते, कारण धाग्यावर दोन कागद मिसळले जाण्याची शक्यता आहे.

आपल्याकडे लोक "मेडिकल पॉवर ऑफ अटर्नी करून द्या" म्हणत येतात. भारतात साधी पॉवर ऑफ अटर्नी तुम्ही शुद्धीत, भानावर असेपर्यंतच चालते. करार कायदा १८७२, कलम २०१. देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारपण संपतं. म्हणजे ज्या क्षणी गरज पडणार त्याच क्षणी तो कागद निकामी. अमेरिकेत बेशुद्धीतही टिकणारं मुखत्यारपत्र आहे, तसा कायदा आपल्याकडे नाही. तिकडचा नमुना छापून, इकडे नोटरी करून, निश्चिंत होऊ नका. फार पोटतिडकीने सांगतेय, कारण हे करून आलेली कुटुंबं मी रडताना पाहिलीत.

कोरांटीताईंच्या आईंनी केलं ते वैद्यकीय इच्छापत्र. ते भक्कम आहे, पण त्याचं क्षेत्र मर्यादित. रुग्ण स्वतः ठरवू शकत नाही आणि आजार बरा होण्याची आशा नाही, तेव्हाच ते लागू होतं. आधी हॉस्पिटलचं डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ, दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि त्यात नेमलेल्या माणसाची संमती घ्यायची. "हर्नियासोबत अजून काय कापायचं" हे त्यातून ठरत नाही. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्यात प्रतिनिधी नेमता येतो, तो वेगळा.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने ही पत्रं जपायला अधिकारी नेमायचा आहे, त्यांच्याकडे एक. ते अधिकारी प्रत्यक्षात नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. स्वतःचं इच्छापत्र करून मग कोर्टात गेलेला माणूस. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

सांजवेळ
निशिगंधताई, तुम्ही लिहिलंय ते आमच्या काकूने भोगलंय. काका ब्रेन हॅमरेजनंतर कोमात. बँकेचं खातं एकट्याच्या नावावर, विम्याचे कागद त्यांच्या सहीचे, हॉस्पिटलचं बिल रोज वाढतंय. काकांनी पूर्वी करून दिलेलं मुखत्यारपत्र होतं, बँक म्हणाली आता नाही चालणार. काकू पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात गेली. नवऱ्याची पालक. तो शब्द अर्जात वाचून ती कोर्टाच्या पायरीवर बसून राहिली होती. कोर्टाने दिलं, न्यायाधीश चांगले होते, पण डबा घेऊन हॉस्पिटल, तिथून वकील, तिथून बँक, सगळं एकट्या बाईने.

खाती दोघांच्या नावावर करा. एवढंच सांगते.

रानवारा
😔 सांजवेळ, काकू कशा आहेत आता?

सांजवेळ
काका गेले गं. काकू ठीक आहे. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना बँकेत घेऊन जाते आता, फॉर्म स्वतः भरून देते.

रानवारा
किती मोठं काम. माझा नमस्कार सांग.

शेवंती
मी ऑपरेशन थिएटरला परिचारिका आहे, ड्यूटी संपली म्हणून बसलेय.
संमतीपत्रावर सही करायच्या आधी वाचा हो! सगळे "कुठे करू सही" एवढंच विचारतात. समीरा कोहली खटला आम्हाला शिकवताना सांगतात. त्यांना तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं, प्रौढ बाई थोड्या वेळात शुद्धीवर येणार आहे, जीवाला तातडीचा धोका नाही, तर आईची संमती चालत नाही, तिलाच विचारा. म्हणून "अजून काही आढळलं तर काय" हे सर्जनला आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आणि कागद कपाटात नको. फाईलमध्ये सगळ्यात वर लावायला सांगा, प्रत्येक शिफ्टच्या डॉक्टरांना दाखवा, फोनमध्ये फोटो ठेवा. भुलीच्या आधीचं औषध दिल्यावर, झापड आल्यावर सही घेऊ नका, कोणी घेत असेल तर थांबवा.

चष्मा आणि कानातलं मशीनही सह्या होईपर्यंत काढू देऊ नका. आजीआजोबांना ऐकूच येत नसतं, ते नुसती मान हलवतात. फार जीव तुटतो बघून.

पाणवठा
शेवंती, कानाच्या मशीनचं अगदी अगदी. आमच्या सासूबाई हो हो करत होत्या, नंतर म्हणाल्या जेवायला काय हवं ते विचारत होता ना तो?

कडुनिंब
नॉर्थ कॅरोलायना. इथे अशा कागदाला दोन साक्षीदार आणि नोटरी दोन्ही लागतात, एकाच बैठकीत. बँकेत नोटरी फुकट मिळाली पण साक्षीला कर्मचारी देणार नाही म्हणाले. मग मराठी मंडळाच्या गटावर मेसेज टाकला, दोघं जेवणाच्या सुट्टीत गाडी काढून आले. त्यातल्या एकाची आणि माझी ओळखही नव्हती. आता दर शनिवारी आम्ही टेनिस खेळतो.

मुलं १८ वर्षांची झालेल्यांनी लक्ष द्या. लेकीचं अपेंडिक्स दुसऱ्या शहरात फुटलं, हॉस्पिटल फोनवर "ती इथे आहे" याच्यापुढे बोलेना. प्रौढ आहे, खाजगी माहिती. तिच्या शुद्धीवर येण्याची वाट बघत गाडी हाणत गेलो. नंतर तिने स्वतःहून फॉर्म केला, आम्हा दोघांची नावं घातली, आणि धाकट्याला सांगून ठेवलंय, अठराव्या वाढदिवसाला आधी हा कागद मग केक.

घाटमाथा
लेक बरी आहे ना?

कडुनिंब
एकदम. कॉलेजमध्ये धावते आहे परत.

तिन्हीसांजा
वाचतेय सगळं. परवा माझंच गुडघ्याचं आहे. मिस्टर नाहीत, मुलगा सिंगापूरला, उद्या पोहोचेल. त्याच्याशी हे बोलायचं कसं तेच सुचत नव्हतं. काल व्हिडिओ कॉलवर कोरांटीच्या आईचं वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, आई तुला काय काय चालेल आणि काय नाही ते सांग, मी लिहून घेतो. तासभर बोललो. बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल आम्ही पहिल्यांदा बोललो.
आता इच्छापत्र करायचंय. नोटरी उद्या संध्याकाळी घरी येतायत. साक्षीला माझी बहीण चालेल?

कोरांटी
🌸 काकू, तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी.

निशिगंध
काकू, साक्षीदार शक्यतो नात्याबाहेरचे घ्या, निकालात तसंच म्हटलंय. खालच्या मजल्यावरचे, वाचनालयातले, कोणी ओळखीचे असतीलच. मुलाचं नाव, पत्ता पूर्ण लिहा, आणि तो विमानात अडकला तर म्हणून दुसरं नाव म्हणून बहिणीचं घाला, एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. डॉक्टरांकडून तुम्ही पूर्ण भानावर आहात असा दाखला घेऊन जोडा, नंतर कोणी शंका काढायला नको.

शेवंती
आणि काकू, गुडघ्याची फिजिओ दुसऱ्या दिवसापासून उभं करते, घाबरू नका. रडू येतं, पण येऊ द्या. चप्पल मागून पट्टा असलेली न्या.

तिन्हीसांजा
वाचनालयातल्या दोघी यायला तयार आहेत, आत्ताच फोन केला. आणि सही मराठीत केली तर चालेल ना? इंग्रजीत मी करतच नाही.

निशिगंध
चालेल. आधारवर आणि बँकेत आहे तीच करा.