हेलियम नक्की कुठे सापडला, विजयदुर्गला की गुंटूरला? (दहावीचा प्रोजेक्ट)

देवगडची_आई:
नमस्कार. मुलगी दहावीला आहे, सायन्सच्या प्रोजेक्टला तिने मूलद्रव्यं आणि ती शोधणारी माणसं असा विषय घेतलाय आणि त्यात हेलियम तिला हवाच आहे, कारण विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. इथे सगळे सांगतात की 1868 च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावरून हेलियम शोधला, साहेबांचे कट्टे (दुर्बिणी ठेवायचे ओटे) अजून आहेत तिथे. क्लासचे सर म्हणतात जान्सेन, गुंटूर. आणि एका पुस्तकात रॅम्झे, 1895. आता पोरीने लिहायचं काय? आणि सूर्यावर कुठला वायू आहे ते इथे बसून कळतं कसं, हे पण कोणीतरी सोपं करून सांगा प्लीज.

केमिस्ट्रीवाला_रत्नागिरी:
ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, तो कळला की पहिला आपोआप सुटतो. मीठ घातलेली पेज उतू जाऊन गॅसवर पडली की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना, तो सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगांचाच प्रकाश देतं, आणि तो स्पेक्ट्रोस्कोपमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) बघितला की वेगवेगळ्या बारीक रेषा दिसतात. बुन्सेन आणि किर्खहॉफ या जोडीने 1859-60 च्या सुमारास हे नीट मांडलं आणि लगेच त्याच पद्धतीने सीझियम, रुबिडियम ही दोन नवीन मूलद्रव्यं शोधून दाखवली. म्हणजे पदार्थ हातात नसला तरी चालतं, त्याचा प्रकाश पोचला की झालं.

आता 1868. 18 ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात पिएर जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला होता, त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये तेजस्वी रेषा दिसल्या, इतक्या ठळक की ग्रहण नसतानाही त्या बघता येतील हे त्याच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते करून दाखवलं. लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्येच होता. त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय, त्या रेषा पकडल्या. दोघांची पत्रं फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी पोचली!! त्यातली पिवळी रेषा सोडियमची वाटत होती पण मोजली तर जागा वेगळी, सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला आणि ही 587.6 ला. हे नवीनच मूलद्रव्य आहे असं ठामपणे म्हणणारा लॉकियर. म्हणून 1868 ला तो विजयदुर्गला होता असं लिहू नका.

गिर्येकर:
सर मगे ह्ये कट्टे कोणासाठी बांधल्यानी? दरवर्षी 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस होतो, शाळेची पोरं येतात, आमच्या आजोबांपासून ऐकत आलोय की साहेब इथे आला होता, ते सगळं खोटं म्हणायचं का?

केमिस्ट्रीवाला_रत्नागिरी:
अजिबात खोटं नाही दादा, साहेब आलाच होता, फक्त 30 वर्षांनी. 22 जानेवारी 1898 चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून आत गेलं आणि त्यासाठी लॉकियर माणसं, दुर्बिणी, कॅमेरे घेऊन विजयदुर्गला उतरला होता, मेल्पोमीन या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते, ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचं म्हणून त्यांच्याकडून आधी सराव करून घेतला होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर नायगामवाला जेऊरला गेले होते, हे नाव तर पोरांना माहीतच असायला हवं. दोन ग्रहणांची गोष्ट एकात मिसळली गेलीये एवढंच. मला तर 1898 ची गोष्ट जास्त आवडते, कारण तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडलेला होता आणि ज्याच्या म्हणण्यावर सत्तावीस वर्षं बऱ्याच जणांचा विश्वास नव्हता तो माणूस, बरोबर ठरल्यानंतर, आपल्या किल्ल्यात येऊन परत सूर्याकडेच बघत होता.

मालवणची_एमएस्सी:
रॅम्झे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाचं मी सांगते. 1895 ला तो क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर अ‍ॅसिड टाकून निघणारा वायू तपासत होता, त्याला खरं तर आरगॉन हवा होता (तो त्याने आणि रॅलेने आदल्याच वर्षी शोधलेला), पण दिसली ती सूर्यातली पिवळी रेषा. युरेनियमच्या खनिजात हेलियम कसा आला याचं उत्तर नंतर रुदरफोर्डने दिलं, युरेनियममधून जे अल्फा कण बाहेर पडतात ते म्हणजे हेलियमचेच केंद्रक, दोन इलेक्ट्रॉन मिळाले की झाला हेलियम, आणि तो खनिजात अडकून राहतो. काकू, फुग्यातला हेलियम पण असाच जमिनीखाली तयार झालेला असतो, हे मुलीला नक्की लिहायला सांगा. आणि मेंडेलीव्हच्या 1869 च्या आवर्तसारणीत हेलियम, आरगॉन या वायूंना जागाच नव्हती, पण नंतर एक अख्खा गण वाढवला तरी बाकीची मांडणी विस्कटली नाही. परीक्षेलाही विचारतात.

देवगडची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आता ती म्हणतेय तिन्ही सालं लिहून प्रत्येकाने काय केलं ते वेगवेगळं मांडते, आणि 1898 ला विजयदुर्गचा फोटो लावते. घरी रेषा दाखवता येतील का काही?

मालवणची_एमएस्सी:
हो काकू, खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडा, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका लावा आणि वरून बघायला भोक ठेवा. साध्या पिवळ्या बल्बकडे धरलं की सलग पट्टा दिसेल, जुन्या ट्यूबलाइटकडे धरलं की पाऱ्याच्या सुट्ट्या रेषा, हिरवी सगळ्यात ठळक. फक्त सूर्याकडे धरून बघायचं नाही, डोळे जातील.