आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहून नोकरी: एच-१बीवर हे शक्य आहे का?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे अमेरिकेत, टेक्सासमधील डॅलसजवळ राहतो. माझा एच-१बी (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा) व्हिसा असून पत्नी एच-४ ईएडीवर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या काम-परवान्यावर) काम करते आणि दोघांच्याही कंपन्यांनी पूर्णवेळ घरून काम करण्याची मुभा दिली आहे. घराचा भाडेकरार जूनमध्ये संपत असल्याने तो न वाढवता एक ट्रेलर घेऊन वर्षभर न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा येथे फिरत नोकरी करावी, असा विचार आहे. इंटरनेट आणि वीज पुरेशी भरवशाची असते का? पुण्याच्या टीमबरोबर माझी रोज सकाळी साडेसातला मीटिंग असते.

प्रतिसाद १

इंटरनेटची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेटची तबकडी आणि जोडीला मोबाइल हॉटस्पॉट ठेवल्यास वाळवंटातही व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतात. मात्र तबकडीला मोकळे आकाश लागते, त्यामुळे दाट पाइनच्या जंगलातली सावलीची जागा कामाच्या दिवशी निरुपयोगी ठरते. विजेचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा. दोन लॅपटॉप आणि तबकडी मिळून साधारण २०० वॅट धरले, तर आठ तासांत १.६ युनिट लागतात आणि १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तास लिथियम बॅटरीत जेमतेम १.२८ युनिट मावतात. छतावरील एसी या हिशेबात बसतच नाही, म्हणून उन्हाळ्यात हुक-अप (वीज-पाण्याची जोडणी) असलेली जागाच घ्यावी. बीएलएम या केंद्रीय भूखात्याच्या जमिनीवर फुकट राहता येते, पण सर्वसाधारण नियमानुसार २८ दिवसांत १४ दिवसच. आणखी एक गोष्ट: ॲरिझोनात, नवाहो नेशनचा भाग वगळता, उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, त्यामुळे आपली साडेसातची मीटिंग तेथे पहाटे साडेपाचला येईल.

प्रतिसाद २

विजेच्या आधी व्हिसाचा विचार करावा, कारण ही योजना खरी अडते ती तेथे. एच-१बीची परवानगी केवळ कंपनीशी नव्हे, तर एलसीएत (कंपनीने कामगार खात्याकडे केलेल्या अर्जात) नोंदवलेल्या कामाच्या जागेशीही बांधलेली असते. २०१५ च्या ‘सिमियो सोल्यूशन्स’ निर्णयानंतर हे स्पष्ट झाले की, कामाची जागा रोजच्या ये-जा करण्याच्या टप्प्याबाहेर गेली आणि त्यासाठी नवा एलसीए लागत असेल, तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो. ती जागा ट्रेलर आहे की बंगला, याने काही फरक पडत नाही. अल्पकाळासाठी वर्षाला ३० कामाचे दिवस, काही अटींवर ६०, अशी सवलत आहे खरी. पण तीत प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कंपनीने उचलायचा असतो, म्हणजे ती कंपनीने पाठवलेल्या माणसासाठी आहे, हौशी भटकंतीसाठी नव्हे. दर पंधरवड्याला नवा अर्ज करणारी कंपनी मिळणे कठीण. आपल्या पत्नीच्या ईएडीला जागेचे असे बंधन नाही, पण त्यांचा दर्जा आपल्या एच-१बीवरच उभा आहे. आपल्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना लेखी विचारल्याशिवाय भाडेकरार सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ३

कराची बाजूही पाहावी. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, परंतु न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा या तिन्ही राज्यांत तो आहे, आणि राज्यात बसून केलेल्या कामाच्या पगारावर रहिवासी नसलेल्यालाही कर लागू शकतो. शिवाय पत्ता बदलल्यास तो दहा दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) कळवावा लागतो. ग्रीन कार्डधारकही यातून सुटलेले नाहीत.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. ट्रेलर डॅलसच्याच परिसरात ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद २

त्याच कार्यक्षेत्रात, म्हणजे रोजच्या ये-जा करण्याच्या टप्प्यात, जागा बदलली, तर सहसा सुधारित अर्ज लागत नाही. मात्र मूळ एलसीएची प्रत नव्या जागी लावावी लागते, एवढे कंपनीला कळवावे. सीडर हिल स्टेट पार्कमध्ये वीज-पाण्याच्या जागा आहेत. लांबच्या सहली रजा घेऊन, लॅपटॉप न उघडता कराव्यात; त्यांना कोणताही एलसीए अडवत नाही.