मदत हवी आहे: दोन मोठ्या कुत्र्यांसाठी सेकंडहँड गाडी

नमस्कार मंडळी. घरात लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड, आणि गाडी हॅचबॅक! कसारा घाटात वळण आलं की शेफर्ड थेट गिअरवर.

इंडिगो मरिना, ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा लांब डिकीच्या गाड्या फार आवडतात, पण कधीच बंद झाल्या, पार्टची पंचाईत. म्हणून जुनी एर्टिगा की इनोव्हा? एर्टिगाची तिसरी सीट सपाट दुमडते, इनोव्हाची दोन्ही बाजूंना वर लटकते, रुंदी जाते. सीएनजी नकोच, टाकी डिकी खाते. इनोव्हा दणकट खरी, पण टुरिस्टला पळालेली गळ्यात पडायची. मीटरवर तर माझा काडीचा विश्वास नाही.

कुत्री बसवून वापरणाऱ्यांनी सांगा, मागपर्यंत एसी पोचतो का? द्वारका-नाशिकरोड भागात गाडी उचलून खालून नीट बघणारा मेकॅनिक कोण? बजेट सहा लाख.