आधी कोर्टाचा आदेश, मग तिकीट

ताई, घटस्फोटानंतर मुलीला घेऊन अमेरिकेहून नाशिकला यायचंय, तर आधी घर बघू की शाळा, असं विचारलंयत. दोन्हीच्या आधी कागद बघा. मुलीला कायमचं भारतात न्यायची परवानगी तिथल्या कोर्टाच्या आदेशात स्पष्ट लिहून घ्या. परस्पर परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे तिकडची कोर्टं अशा अर्जांकडे फार बारकाईनं बघतात. आदेश नसताना निघालात तर अपहरणाचा गुन्हासुद्धा दाखल होऊ शकतो. मुलीचे वडील तोंडी ‘हो’ म्हणाले, एवढ्यावर कृपा करून विसंबू नका. मुलगी तिथली नागरिक असेल तर ओसीआय कार्डही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहण्यासाठी मिळणारं कार्ड) तिथूनच काढून आणा.

घर मात्र आईबाबांच्या हाकेच्या अंतरावर घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. मी इंदिरानगरला तसंच केलं. ऑफिसात उशीर झाला की रिक्षावाले काका लेकाला थेट आजीच्या दारात सोडतात आणि दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत त्याच्या हातात पोळीचा लाडू असतो.

शाळेचं म्हणाल, तर २०२० च्या कायद्यानं राज्यात सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीची आहे. तिला देवनागरी वाचायला आत्तापासूनच बसवा.