पूर, ऊन, वादळ आणि आपलं माणूस: तुमचे अनुभव लिहा

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, गल्लीच्या ग्रुपवर 'पाणी किती फुटांवर?' सुरू झालंय. मला थेट ऑगस्ट २०१९ आठवला. धोका पातळी ४३ फूट, तेव्हा पंचगंगा ५५च्या वर गेलेली. शिरोलीजवळ हायवे बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपण सुटलो त्याला वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघं तळमजल्यावर 'रूम पार्टनर' म्हणून भाड्यानं राहत होतो. बोट आली, "आधी फॅमिलीवाले" अशी हाक आली. घरमालकीण काकू म्हणाल्या, "ही दोघं एका घरातलीच हाईत, एकत्रच घ्या." त्यांना ठाऊक असेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं! शाळेतल्या छावणीत त्यांनीच आमच्या सतरंज्या शेजारीशेजारी टाकल्या. त्याची पुण्यात नोकरी ठरली होती. घरातला गाळ उपसताना म्हणाला, न्हाई जात.
पाणी पुन्हा येणार हे कळतं. तरी घर इथंच केलंय, वरच्या मजल्यावर. तुम्हीही लिहा.

रोठा_सुपारी
३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धनची आमची अख्खी वाडी आडवी. वीज नाही, रेंज नाही, त्यात लॉकडाऊन. ती महाडहून स्कूटरवर ताडपत्री बांधून आली. फोन लागत नाही म्हणून आली, एवढंच म्हणाली. मग दोघींनी रोपं लावली. आई ओटीवरून बघत होती. म्हणाली, "सुपारी धरायला वर्षं लागतात गो. ही राहणार का तोवर?" ती म्हणाली, हो. आमचं लग्न ते तेवढंच.

डबेवाली_ताई
रडवलंस गं. ताडपत्री मिळाली कुठे पण? आमच्याकडे पत्र्यांचे भाव दुप्पट झालेले. आणि तुमची रोठा सुपारी घरपोच मिळेल का, सासूबाईंना तीच लागते.

रोठा_सुपारी
पाठवते ताई, सोलून झाली की.

ऊन_नागपूर
मी २२ वर्षांचा. इथे मे महिन्यात ४५च्या वर जातं. एक मुलगा आवडतो. रोज वाटतं, पुढे जग असं तापत जाणार असेल तर कुणाला आपल्यात ओढावं का? सिरियसली विचारतोय.

लोकल_बंद
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला. कमरेएवढ्या पाण्यातून ऑफिसातल्या एकाचा हात धरून अंधेरीहून चालत निघालो. हात धरायला त्या दिवशी कुणाची हरकत नव्हती, सगळेच धरून होते. कायद्यानं आम्ही तेव्हा गुन्हेगार. अजून एकत्र आहोत, त्याला बीपी, मला शुगर. पोरा, त्याला विचार. उन्हाचं काय करायचं ते दोघं मिळून बघाल. रात्री गच्चीवर पाणी मारा.

ऊन_नागपूर
कूलरची ताटी बदलायला त्यालाच बोलावलंय रविवारी 🙂

डबेवाली_ताई
वाळ्याची लाव रे, वास छान येतो!!

सीनाकाठ
सप्टेंबर २०२५. सोयाबीन गेलं, एक भिंत गेली, भांडी वाहून गेली. पंचनाम्याला आले तेव्हा विचारलं, या कोण? मी म्हणाले, घरातली. लिहिलं 'पाहुणी'. कित्येक वर्षं माझ्या चुलीवर भाकरी थापतेय ती. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं आपल्या लग्नाला नाही म्हटलं तेव्हा आम्ही जेवलो नव्हतो. पण 'पाहुणी' त्याहून लागलं. त्याच भिंतीच्या विटा आता दोघी रचतोय.

लोकल_बंद
ताई, केंद्रानं २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय, रेशन कार्डासाठी जोडीदार एकाच घरातले धरा. जॉइंट खातं, नॉमिनीसुद्धा चालतं. तिचं नाव कार्डावर घाला, पुढच्या पंचनाम्यात दाखवता येईल.

सीनाकाठ
खरंच? पुरवठा शाखेतला माणूस कागद मागेल.

लोकल_बंद
व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

सीनाकाठ
मिळाला. ती विचारतेय फोटो कसला लागतो, एकेकटीचा की दोघींचा.