जाड पोरगं म्हणजे अभ्यासात ‘ढ’, हे कुणी ठरवलं?

खानापूरची बाई
गेल्या आठवड्यात शाळेत मुलांची उंची-वजनं घेतली. पाचवीतली एक पोरगी काट्यावर चढेचना. चपला हातात धरून तशीच उभी. मागनं पोरं "क्विंटल, क्विंटल" ओरडत होती. गणितात वर्गात तीच पहिली. पण त्या दिवसापासून फळ्यापाशी बोलावलं की मान खाली. पालकसभेतही तेच ऐकलं, "सुस्त दिसते, काय शिकणार?" माझं स्पष्ट मत आहे, वजनानं अभ्यास बिघडत नाही, वजनावरून आपण जे बोलतो त्यानं बिघडतो.

निपाणीकर
बाई, चिडवणं वाईटच, पण वजनाचा काहीच संबंध नाही म्हणता, ते पटत नाही. माझा मुलगा रात्रभर घोरायचा, मध्येच श्वास अडकून दचकायचा. पहिल्या तासाला डुलक्या. डॉक्टरांनी वाढलेले टॉन्सिल आणि वजन, दोन्ही कारणं सांगितली. गप्प बसलो असतो तर नुकसान त्याचंच होतं.

खानापूरची बाई
बरोबर आहे. पण त्याला आडवी आली ती झोप. आणि तुम्ही डॉक्टरकडं नेलात. इथं पोरीला नाव ठेवून मोकळे झाले सगळे.

जांबोटीकडचा
दोघंही जाडीवरच भांडताय की वो! आमच्याकडची पोरं बघा. सकाळी चहात बटर बुडवून खायचं आणि जंगलवाटेनं शाळा गाठायची. अक्षर दासोहचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शाळेतल्या योजनेचं, जेवण दुपारी. २०१३ पासून सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतंय म्हणून निदान परिपाठ तरी उभ्यानं होतो. रिकाम्या पोटी पाढे कसे डोक्यात शिरणार? वजन घ्यायलाच पाहिजे, नाहीतर ही पोरं कुणाच्या नजरेला पडणार नाहीत.

आरोग्य खात्यातली ताई
एक सांगू? काट्यावर सगळं दिसत नाही. अंगानं भरलेल्या मुलीच्या रक्तातही लोह कमी असू शकतं, आणि लोह कमी पडलं की लक्ष लागत नाही, दम लागतो. आठवड्याची लोहाची गोळी बारीक पोरींनाच गरजेची, असं आया समजतात. जाड मुलीची आई म्हणते, "हिला कशाला?" पापणी खाली ओढून बघा, फिकट दिसली तर रक्त तपासून घ्या.

निपाणीकर
हे मान्य. तरी वजन घेणं थांबवू नका.

खानापूरची बाई
थांबवणार नाही. ऑफिसात, दार लावून, एकेकीला बोलवून घेणार. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, वहीत लिहायचा.

जांबोटीकडचा
आणि आमची दोन शिक्षकी शाळा? ऑफिस कुठलं तिथं?