मदत हवी आहे : ‘डब्ल्यू-आर’ने सुरू होणारे जुने इंग्रजी शब्द एकाच मुळातले का?

जुन्या इंग्रजीतल्या, म्हणजे साधारण ११५० पर्यंतच्या शब्दांवर टिपण करते आहे. ‘डब्ल्यू-आर’ने सुरू होणाऱ्या शब्दांपाशी अडले आहे. व्रिंगन म्हणजे पिळणे, व्रीथन म्हणजे पीळ देणे, व्रेंकन म्हणजे मुरगळणे आणि व्रिस्ट म्हणजे मनगट, तेही वळणारंच. सगळीकडे पीळ! तेव्हा यातल्या ‘व’चा उच्चार होत असे, आज तो फक्त स्पेलिंगमध्ये उरलाय.

बॉसवर्थ-टोलर हा जुन्या इंग्रजीचा कोश पाहिला. अर्थ आणि उतारे भरपूर, पण व्युत्पत्ती त्रोटक. इतरत्र हे शब्द ‘वळणे’ अर्थाच्या ‘वेर’ या इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, इंग्रजी वगैरेंच्या समान पूर्वज भाषेतल्या) धातूकडे नेलेले दिसतात. आपल्या ‘वर्तुळ’मधला वृत् धातूही तिकडचाच मानतात, म्हणून उत्सुकता जास्त.

‘राँग’ (चूक) हा शब्द नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आला आणि व्रीतन म्हणजे लिहिणे याचा जुना अर्थ कोरणे, त्यामुळे हे दोन्ही बाजूला ठेवलेत. मला जर्मन वाचता येत नाही, सशुल्क कोशांचं सदस्यत्वही नाही.

वरच्या चार शब्दांपैकी कोणते खात्रीने एकाच धातूचे, आणि कोणते केवळ ध्वनिसाम्यामुळे शेजारी बसलेले? हे पडताळायला इंग्रजीतलं मोफत मिळणारं कोणतं साधन वापरावं?